पाहुण्याच्या ताटातला पंख

त्याचं नाव मी लिहीत नाही. गावात त्याला नावानं कोणी हाक मारत नव्हतं, आणि तो स्वतःही आधी आपण किती देशांची कोंबडी तळली ते सांगायचा, नाव नंतर. तोवर ऐकणाऱ्याची यष्टी निघून जायची. सगळे त्याला कॅम्पवाला म्हणत.

माझं बोरी अरबच्या स्टँडजवळ भज्याचं हाटेल आहे. शिक्षण चौथी. पाचवीत जायचं होतं, पण मास्तरनं माझ्या बापाला शिवी दिली आणि मी पाटी त्याच्या टेबलावर ठेवून आलो. तिथून पुढं कढई. कढईपुढं माझी पन्नासेक वर्षं गेली, म्हणून तळण्यातलं मला कोणी शिकवू नये, असं माझं साधं मत आहे. हा माणूस पहिल्याच दिवशी शिकवायला आला.

बावीस वर्षं तो वाळवंटातल्या एका कंपनीच्या कॅम्पात, खानावळीच्या तळणावर होता. बोरी अरबचा माणूस अरबात चालला म्हणून लोक जाताना हसले, आणि परत येताना सोनं आणलं नाही म्हणून परत हसले. त्यानं आणलं होतं काय, तर एक लांब दांडीचा झारा, एक पांढरी टोपी आणि डोक्यात आठ देश.

माझ्या कढईजवळ येऊन तो डोळे मिटून उभा राहिला. मला वाटलं, माणसाला घेरी आली.

"भाऊ, ऐकून राह्यले का?"

"काय?"

"तेल बोलून राह्यलं. फडफड करते तोवर आत पाणी आहे. फडफड बारीक झाली का घाणा काढा. आता काढा. आताच."

मी काढला नाही. त्याच्या सांगण्यावरून काढायचा प्रश्नच नव्हता. तो घाणा काळा झाला. मी बाजूला ठेवला आणि दुपारच्या नेर गाडीच्या लोकांना विकला. पण खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी लक्ष दिलं तर मी पन्नास वर्षं त्याच आवाजावर घाणा काढत आलो होतो. फक्त मला ते माहीत नव्हतं, आणि त्यानं ते सांगायची काही गरज नव्हती.

पुढं त्यानं माझ्या हाटेलाला लागून असलेलं शटर घेतलं आणि वर बोर्ड लावला. बोर्डावर कोंबडीचं चित्र नाही, देवाचं नाव नाही, नुसते देश. अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स, इंडोनेशिया, ऑस्ट्रिया आणि आणखी दोन, जे मला वाचताच आले नाहीत. गिऱ्हाईक आलं की हा टोपी नीट करायचा आणि विचारायचा, "कोणता देश?"

पहिलं गिऱ्हाईक कापसाच्या गाडीचा ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "मी? दारव्ह्याचा."

"तुमचा नाही जी. कोंबडीचा."

"कोंबडी गावातलीच असन ना बापा."

कॅम्पवाल्याचं म्हणणं असं, की कोंबडी सगळ्या दुनियेत सारखीच. देश असतो तो तिच्या कपड्यात. अमेरिकेचा माणूस तिला आधी ताकात झोपवतो, मग मैद्याची जाड गोधडी पांघरवतो, गोधडीलाच तिखट, मीठ, मिरे. दात लागला की बाहेरून कुरकुर आणि आतून ओली.

"ताक आमी पेतो," मी म्हणालो. "तिकडं कोंबडी आंघोळ करते काय त्यात?"

"म्हणून थे पुढं गेले, भाऊ."

जपानची कोंबडी त्याच्या मते फक्त मलमल घालायची. आलं आणि काळ्या खारट पाण्यात मुरवायची, वरून आलूचं सत्त्व, तेही पातळ, आणि तुकडा एका घासाचा, हाड काढलेला. पाहुण्याच्या दाताला त्रास नको म्हणून. मी त्याला सांगितलं की हाड नसेल तर माणूस जेवण झाल्यावर गप्पा मारताना हातात काय धरणार. त्यानं यावर विचार केला. विचार करायचा तो, एवढं कबूल करतो. ऑस्ट्रियावाले म्हणे कोंबडीला आधी धुणं धोपटावं तसं धोपटून पसरतात आणि पावाच्या चुऱ्यात लोळवतात. इंडोनेशियावाले हळद-मसाल्यात आधी शिजवून घेतात आणि मग तळतात. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, कोणीतरी अक्कलवालं निघालं म्हणून.

कोरियाचं नाव घेताना मात्र तो उभा राहायचा. कोरिया दोनदा तळते. एकदा आत शिजायला, थोडं थांबून दुसऱ्यांदा कुरकुरीत व्हायला, आणि मग वरून लाल, तिखट-गोड, चकचकीत पाक.

"दोनदा तळणं मले नोको शिकवू," मी म्हणालो. "कालचे भजे आज सकाळी कोण तळते? माया धंदाच कोरियाचा आहे."

त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मलाही गरज नव्हती.

आता आमच्या भागाचं एक आहे. आमच्याकडं कोंबडी म्हणजे रस्सा, आणि रश्श्यावर बोटभर तर्री. कोरडं आम्ही दोघांनाच वाढतो, आजाऱ्याला आणि नावडत्या जावयाला. त्यामुळं गिऱ्हाईक अमेरिकेचं ताट पुढं घ्यायचं, एक घास खायचं आणि मान वर करून म्हणायचं, "तर्री?" कॅम्पवाला हातातला झारा खाली ठेवायचा.

"अमेरिकेत जाऊन मागजा तर्री."

"अमेरिकेत कायले जाऊ? बाजूच्या हाटेलात भेटते."

आणि गिऱ्हाईक ताट घेऊन माझ्याकडं यायचं. आलुबोंड्याची तर्री अमेरिकेवर ओतून खायचं. त्याच्यामुळं माझी तर्री जेवढी खपली तेवढी आधी कधी खपली नाही, हे मी त्याला तोंडावर सांगत असे.

एकदा बोलता-बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की फिलिपिन्सची माणसं भातासोबत खातात आणि वरून दाट रस्सा घेतात. बस. आठ दिवसांत सगळं बोरी अरब फिलिपिन्स झालं. सरपंच फिलिपिन्स, पोस्टमन फिलिपिन्स, वावरातून परत येणारे गडी "दोन फिलिपिन्स बांधून द्या" म्हणत. जपानचं सत्त्व डब्यात तसंच. तो मला म्हणाला, "हे लोक फिलिपिन्सचे नाहीत भाऊ, हे रश्श्याचे आहेत." मग त्यानं हट्टानं अगदी तिकडच्यासारखा रस्सा केला. बदामी रंगाचा, गुळमुळीत, मिऱ्याचा. तिखटाचा पत्ता नाही. लोकांनी तोंडं लांब करून खाल्ला. एक म्हातारा उठताना म्हणाला, "लेकराले ताप आला का देतात ना, थेच आहे हे." दोन दिवसांत गाव फिलिपिन्स सोडून परत आपल्या घरी आलं.

बोर्डाचीही एकदा भानगड झाली. तरुण मंडळाचा अध्यक्ष चार पोरं घेऊन आला. "आठ देश हायेत. आपला देश कुठी आहे?"

"आपला देश तळत नाही," हा म्हणाला. "बुडवते."

असं वाक्य चारचौघांत बोलायचं नसतं. अर्ध्या तासात माझ्या हाटेलात सभा भरली. भजे चांगले खपले. कोणी म्हणालं तंदुरी लिहा. हा म्हणे, ते भाजणं झालं, तळणं नाही. कोणी म्हणालं सिक्स्टी फाइव्ह. हा म्हणे, ते मद्रासचं, मद्रासवाले कॅम्पात आपल्याला त्यांच्या रांगेत उभं राहू देत नव्हते. कारण कॅम्पात म्हणे प्रत्येक देशाची रांग वेगळी आणि ताट वेगळं, आणि एकाचं ताट दुसऱ्याला गेलं की मारामारी. कोणी यवतमाळच्या गाड्यांवरचा लाल पकोडा सुचवला. "थो रंग आहे," हा म्हणाला, "त्यात कोंबडी असली तं योगायोग." शेवटी बोर्डावर नववी ओळ रंगवली. भारत, आणि पुढं कंसात : विचार सुरू आहे. अध्यक्षाचं समाधान झालं. सरकारी कामातही असंच लिहितात म्हणाला.

असा हा माणूस. वाईट नव्हता. तेल काळं व्हायच्या आधीच बदलायचा, कोंबडी सकाळची सकाळी आणायचा. आणि त्याच्या आठही देशांपैकी एकही देश पोटा-कलेजी खात नाही असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. पण रोज सकाळी तो सगळी पोटा-कलेजी वाटीत घालून माझ्या घरी पाठवायचा, म्हणून मी वाद घातला नाही.

त्याला एक मुलगी. सुषमा. बायको तो कॅम्पात असतानाच गेली, पोरीला आत्यानं वाढवलं. शिकून यवतमाळला दवाखान्यात नर्स झाली, रविवारी घरी यायची. तिची सोयरीक दोनदा तुटली, दोन्ही वेळा जेवणावरून. दिग्रसच्या पाहुण्यांना यानं जपान वाढलं. लहान-लहान तुकडे पाहून ते घरी जाऊन म्हणाले, लोक हात आखडून वाढतात. दुसऱ्या पाहुण्यांना ऑस्ट्रिया. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं पसरट तुकडा हातात धरून विचारलं, "पापड आहे काय व माय?" आणि यानं तिला अर्धा तास उत्तर दिलं.

तिसऱ्या वेळी पोरगा नेरचा होता. वीज ऑफिसात लाईनमन. पोहे होऊन गेले होते, पोरगी पसंत पडली होती, आणि पोरगाही तिला पसंत होता. पसंत म्हणजे काय, तर त्याचा फोन आला की ती अंगणात चकरा मारायची आणि चप्पल घालायचं विसरायची. आता फक्त पक्क्या बोलणीचं जेवण राहिलं होतं.

आदल्या दिवशी ती माझ्या हाटेलात आली.

"मोठेबाबा, बाबाले तुमीच सांगा. रस्सा पायजे. साधा, आपल्या घरचा. हेबी मोडलं तं मी दुसरीकडं कुठी उभी राहणार नाही."

"थो माया कायले ऐकते?"

"तुमी बाबाचं ऐकत नाही, म्हणून बाबा तुमचं ऐकते."

हे खरं होतं. मी लगेच त्याच्याकडं गेलो. तो कोंबडीचे तुकडे करत होता. मी रस्त्यानं चार-पाच चांगली वाक्यं जुळवून नेली होती.

"उद्या रस्सा कर," मी म्हणालो.

"करतो."

"नाही म्हणू नको, पोरीचं—"

"करतो म्हटलं ना भाऊ. माया पोरीचं घर बसून राह्यलं, मी काय येडा हाव?"

माझी सगळी वाक्यं वाया गेली. तो पुढं म्हणाला, "सोबत थोडं तळीन. व्याह्यायले मान देल्ला पायजे." मान म्हणजे काय, हे मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. पण पाहुण्यांसाठी तो सहा कोंबड्या घेणार होता, आणि सकाळी वाटी किती भरून येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती आलीच. बायकोनं कांद्यावर परतून दिली, मी ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्ली आणि अंगावर धुतलेला सदरा घालून त्याच्या घरी गेलो.

नेरचे सहा जण आले. मुलाचा बाप जिनिंगवर कापसाची प्रत पाहायचा. आयुष्यभर कापसात हात खुपसून ओल सांगितलेला माणूस, तो सगळ्याच गोष्टींकडं तसा पाहायचा. घराकडं, पोरीकडं, माझ्याकडंही. बोलायचा कमी. त्याच्याच 'हं' वर सगळं अवलंबून होतं.

रस्सा वाढला. मी रश्श्याला नाव ठेवायला बसलो होतो, मला ठेवता आलं नाही. तर्री लाल, खाली खोबऱ्याचं आणि तिळाचं वाटण, घासागणिक कपाळावर घाम. व्याह्यानं दुपट्ट्यानं कान पुसले आणि म्हणाला, "हं." दारामागं सुषमानं तो 'हं' ऐकला. तिच्या बांगड्या वाजल्या. सोयरीक जमली होती, नुसतं सुपारी फोडायचं राहिलं होतं.

तेवढ्यात हा टोपी घालून आतून आला. हातात झाकलेली परात. व्याह्याच्या पुढं गुडघ्यावर बसला, झाकण काढलं आणि आपल्या हातानं त्याच्या ताटात वाढलं. लालभडक, चकचकीत पंख. दोन. मग मुलाला दोन. मग बाकीच्यांना एकेक, तरी परातीत थोडे उरले.

नव्या माणसाला सांगावं लागेल म्हणून सांगतो. आमच्याकडं कोंबडीच्या प्रत्येक तुकड्याची जागा ठरलेली आहे. पोटा-कलेजी मोठ्या पाहुण्याला. मग तंगडी, तीही पाहुण्याला नाहीतर जावयाला. छाती घरातल्या माणसांना. मान आणि पंख लेकरांना, जेवण होईपर्यंत गप्प बसावीत म्हणून. सोयरिकीच्या पंगतीत व्याह्याला पंख वाढणं म्हणजे त्याला 'निघा आता' म्हणणं. ते तोंडानं म्हटलेलं एक वेळ चालतं.

व्याह्यानं एका बोटानं पंख उलटा केला, ओला कापूस पाहावा तसा. मग हळूच विचारलं, "कलेजी?"

 मी भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. ते मी सगळं वाचलं.

"हे कोरियाचं आहे जी," हा आनंदानं सांगू लागला. "दोनदा तळलेलं. तिकडचे मोठे-मोठे इंजिनेर तंगडीले हात लावत नाही. पंखासाठी भांडते. हाडाजवळचं मांस, अन् कातडं सगळ्यात जास्त. सायबाच्या ताटात पहिला पंख—"

"आमच्या घरी पंख लेकरायले देतात," व्याही म्हणाला. "हातात धरून खेळायले."

आणि त्यानं ताटातच हात धुतले. भरल्या ताटात. ते पाणी रश्श्यात मिसळताना मी पाहिलं. त्याच्यामागं सगळे उठले. मुलगा शेवटी उठला. त्याच्या ताटात दोन्ही पंखांची हाडं चाटून पांढरी झालेली होती, पण बाप उठला म्हटल्यावर त्यानं तरी काय करावं.

पाहुणे बाहेर जीपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हर कुठंतरी पान खायला गेला होता, म्हणूनच फक्त जीप निघाली नव्हती. हा घरात परात घेऊन उभा.

"चव तं पाहाची होती त्यायनं."

"जाय," मी म्हणालो. "हात जोड."

"कशाबद्दल? पंख चांगला झालता भाऊ. तुमी खाऊन पाहा."

"चांगला असन."

"मंग चूक कोणाची?"

सुषमा दारात आली. हातात पाहुण्यांच्या हातावर घालायला आणलेला पाण्याचा गडवा तसाच भरलेला. ती रडत नव्हती. दवाखान्यात पेशंटला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "बाबा, मले कोरियात नाही जाचं. नेरले जाचं आहे."

त्यानं परात खाली ठेवली. टोपी काढली. इतक्या वर्षांत मी त्याचं डोकं पहिल्यांदा पाहिलं, मध्ये पार उजाड. तो जीपकडं चालू लागला. मी मागून गेलो. कोणीतरी साक्षीला पाहिजे, आणि कलेजीचा विषय परत निघालाच तर तो दुसरीकडं वळवायलाही कोणीतरी पाहिजे.

तो जीपच्या दाराजवळ उभा राहिला. म्हणाला, "पाहुणे, बाप म्हणून मी काई चुकलो नाही."

मी कपाळाला हात लावला.

"पण वाढपी म्हणून चुकलो. कॅम्पात आमची एकच रीत होती. ज्याची रांग, त्याचं ताट. बावीस वर्षांत म्या एकाचं ताट दुसऱ्याले देल्लं नाही. आज देल्लं. नेरच्या रांगेत कोरियाचं वाढलं. नेरची रीत मले माहीत नव्हती असं नाही. मी लहान होतो तवा आमच्या घरी कलेजी शिजे, पण मले कधी भेटली नाही, पाहुण्यायले जाये. मी विसरलो नवतो. पण..." इथं तो अडकला. मग खाली पाहून म्हणाला, "मले वाटलं, मायाजवळचं जे सगळ्यात मोठं आहे, थे तुमाले द्याव. तुमची रांग कोणती, हे म्या विचारलंच नाही. वाढप्याचं याच्यापेक्षा मोठं पाप नाही."

आणि हात जोडले.

व्याही कितीतरी वेळ त्याच्याकडं पाहत राहिला. ओल पाहत असावा.

"रस्सा कोणं केला?" त्यानं विचारलं.

"म्या."

"बरा होता."

"रश्श्याचं काय, रस्सा तं कोणीबी—"

मी त्याच्या पायावर पाय दिला. माझं वजन चांगलं आहे.

व्याही जीपमधून उतरला. दुपट्टा खांद्यावर टाकला. "सोयरीक होईन," तो म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो. लग्नात तुमी चुलीजवळ जायचं नाही. झाऱ्याले हात नाही, चव पाहणं नाही, आचाऱ्याले सांगणं नाही. पोरीचा बाप खुर्चीवर बसते, तसं बसाचं."

यानं मागं वळून घराच्या दाराकडं पाहिलं. सुषमा तिथंच होती.

"दुरून पाहिलं तं चालन काय?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला.

सुपारी फुटली. ड्रायव्हर पान खाऊन आला तेव्हा त्याला काही माहीतच नव्हतं. त्याला मी आत नेऊन जेवायला बसवलं आणि पंख वाढले. चांगले होते म्हणाला. मीही एक खाल्ला. चांगला होता. हे मी कॅम्पवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

लग्न नेरच्या मंगल कार्यालयात झालं. जेवण शाकाहारी, आचारी त्यांच्याकडचा. आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी, मठ्ठा. हा डोक्याला फेटा बांधून पहिल्या रांगेत लाल खुर्चीवर बसला होता. स्वयंपाकघर उजव्या हाताला होतं. तो मान डावीकडं वळवून बसला, आणि त्याला हात कुठं ठेवावेत ते समजत नव्हतं. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं, चोराचं धरतात तसं.

लोक जेवून भेटायला येत. हा विचारायचा, "जेवण कसं झालं?"

"झकास."

"म्या नाही केलं."

दुसरा यायचा. "जेवण?"

"एक नंबर जी."

"म्या नाही केलं."

असं त्यानं पाव्हण्या-रावळ्यांना, गावकऱ्यांना, फोटोवाल्यालासुद्धा सांगितलं. काही लोक हसून पुढं गेले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. एकदा म्हणालो, "बे, बस कर." तो म्हणाला, "खोटं बोलू काय भाऊ?"

पंगतीमागून पंगत होत गेली. शेवटच्या पंगतीच्या आधी व्याही आला आणि त्याच्या पलीकडच्या खुर्चीवर बसला.  व्याह्यानं त्या मनगट धरलेल्या हाताकडं पाहिलं. मग समोर पाहिलं.

"जेवलो मी," व्याही म्हणाला.

"हो जी. म्या नाही—"

"माहीत आहे. आलू-वांग्यात मीठ कमी आहे."

हा मान डावीकडंच ठेवून बसला. व्याह्याची अट होती, ती तो पाळत होता.

"मीठ कमी आहे म्हटलं," व्याही परत म्हणाला. "जरा जाऊन पाहा."

"मी?"

"मंग कोण? पंगत बसून राह्यली तिकडं."

तो उठला. खुर्ची मागं पडली, फेटा एका कानावर आला. धावला नाही, पण लोक आपोआप बाजूला होत गेले आणि तो उजवीकडच्या दारातून आत गेला. लगेच आचाऱ्याला काहीतरी सांगतानाचा त्याचा आवाज बाहेर आला. कोणत्यातरी देशाचं नाव घेत होता.

व्याही पाय लांब करून बसला आणि मला म्हणाला, "पान खाता काय?"

मी त्या भाजीवर दोनदा जेवलो होतो. मीठ बरोबर होतं.